रुखवतातला मनोरा

मुलीच्या लग्नात मी व्याह्यांना घोडबंदर रोडला एक फ्लॅट दिला. माझ्याकडे फ्लॅट नव्हता. आजही नाही. डोंबिवली पूर्वेला दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वाळत घातलेल्या कपड्यांसकट एक माणूस कसाबसा उभा राहील एवढी गॅलरी, हे माझं सगळं स्थावर. तरी दिला, आणि त्याची घोषणा भर हॉलमध्ये माइकवरून झाली. घोषणेनंतर टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, कारण माइकवर काय चाललंय याकडे माझं लक्षच नव्हतं. मी आइस्क्रीमवाल्याला शोधत होतो.

हे कसं झालं ते सांगायचं तर सुरुवात माझ्या घोट्यापासून करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी त्याच गॅलरीत ओल्या लादीवरून घसरून मी डावा घोटा मोडून घेतला. पाय प्लॅस्टरमध्ये, मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर, आणि रिमोट लेकीच्या हातात. ती तेव्हा कॉलेजात होती. दुपारी घरी आली की टीव्हीवर जपानी मालिका लावायची, चित्रांच्या. मी त्यांना कार्टून म्हणालो तेव्हा तिने रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, अ‍ॅनिमे. कार्टून म्हणजे उंदीर-मांजर." बायको आतून म्हणाली, "आणि हे काय आहे? माणसं मांजराचे कान लावून फिरतायत."

पहिली जी मालिका मी पाहिली तिच्यात एक मुलगा रस्ता ओलांडताना ट्रकखाली जातो आणि डोळे उघडतो तर दुसऱ्याच जगात. तिथे किल्ले, ड्रॅगन, जादूटोणा, आणि सगळे त्याच्याशी अस्खलित जपानीत बोलतायत. मी लेकीला विचारलं, यांना जपानी कसं येतं? ती म्हणाली, "पुराणातले राक्षस मराठी कसे बोलतात?" मी पुढचा भाग बघू लागलो. उठून जाताही येत नव्हतं. काही आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं, मी मात्र त्यातून निघालो नाही.

तेव्हापासून शनिवारी जेवण झालं की आम्ही दोघं टीव्हीसमोर. माझी वागळे इस्टेटमधल्या खोक्यांच्या कारखान्यात नोकरी, खरेदी विभागात. शनिवारी अर्धा दिवस. मी ठाण्याहून घरी येईपर्यंत ती पानं घेऊन तयार असायची. बायको आमच्या मागे जमिनीवर बसून आठवड्याची भाजी निवडायची, टीव्हीकडे पाठ करून. त्या पाठीचं एक मत होतं आणि ते आम्हाला माहीत होतं.

हळूहळू माझीही मतं झाली. पन्नाशीतल्या माणसाला नवीन मतं फारशी होत नाहीत, त्यामुळे मला त्यांचं अप्रूप होतं आणि मी ती सगळ्यांना सांगत सुटलो. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी दुपारचा डबा दुसऱ्या मजल्यावर जाऊन खायला सुरुवात केली, ती त्याच सुमाराला.

तर माझं पहिलं मत ट्रकबद्दल. कुठलीही मालिका लावा, नायक मरतो तो ट्रकखालीच. आमच्या कल्याण-शीळ रोडवर जेवढे ट्रक आहेत ते पाहता एव्हाना अर्धी डोंबिवली परक्या जगात राजपुत्र व्हायला हवी होती. दुसरं मत असं की ज्या नायकाला पहिल्याच भागात सगळ्या शक्ती मिळतात त्याची मालिका बघू नये. जेवायला बसल्या बसल्या पुरणपोळ्या संपवायच्या आणि मग उरलेलं जेवणभर मीठ-लिंबू चाटत बसायचं, यात काय मजा? त्याने आधी मार खावा. तलवार उधारीवर घ्यावी. बेडकाएवढ्या राक्षसाकडून हरून यावं. मग मला तो आपला वाटतो.

खेळाच्या जगातल्या मालिका वेगळ्या. त्यांत माणसं व्हिडिओ गेम खेळता खेळता गेममध्येच अडकतात आणि बाहेर पडायचं बटण सापडत नाही. तिथे प्रत्येकाला हवेत आपली एक पाटी उघडता येते, तीत त्याचं बळ किती, चपळाई किती, नशीब किती, सगळं लिहिलेलं. ही कल्पना मला फार आवडते. मी एकदा जेवताना म्हणालो, माझी अशी पाटी उघडली तर काय दिसेल? चपळाई जेमतेम, सहनशक्ती भरपूर. बायको म्हणाली, "ऐकून घेण्याची शक्ती शून्य, ते पहिलं लिहा. दळण आणायला सांगितलं त्याला तीन दिवस झाले."

आणखी एक. या जगांत धाडसी लोकांचं एक कचेरीवजा ठिकाण असतं, तिथे नाव नोंदवायचं आणि कामं घ्यायची. खिडकीत एक मुलगी बसलेली असते. ती पहिल्याच फेरीत तुमचं काम करते, हसते आणि वर सांभाळून जा म्हणते. मला ड्रॅगन पटतो. मेलेला माणूस मंत्राने उठून बसतो, तेही पटतं. ती खिडकी मला आजवर पटलेली नाही.

काही मालिकांत मात्र नायकाच्या मागे सहा-सहा मुली लागतात आणि त्यांचे कपडे प्रसंगागणिक कमी होत जातात. हे लेकीबरोबर बघणं म्हणजे संकट. असं काही सुरू झालं की ती मोबाइल काढायची आणि मी पाण्याच्या बाटल्या भरायला उठायचो. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या घरातल्या सगळ्या बाटल्या कायम भरलेल्या असत. बायको शेजारणीला सांगायची, आमच्याकडे हे एक काम ते स्वतःहून करतात.

वय वाढलं तशी माझी आवड बदलली. आता मला लढाया नकोशा होतात. भांडणं संपली की ते सगळे एखाद्या धर्मशाळेत जातात, ओल्या चपला काढतात आणि लाकडी टेबलावर गरम रस्सा आणि पाव खातात, ते मला बघायचं असतं. रस्सा-पाव म्हणजे आपली मिसळच, फरसाण नाही इतकंच. लेक म्हणायची, "बाबा, तू जेवणाचे सीन बघायला बसतोस." ती गोष्टीच्या मागे पळणारी, मी त्या गावात रेंगाळणारा. ती सुरुवातीचं गाणं पुढे ढकलायची, मी ढकलू द्यायचो नाही. यावरून आमची खरी भांडणं झालेली आहेत. माझं म्हणणं, देवळात शिरताना घंटा वाजवतात. तिचं म्हणणं, रोज तीच घंटा दीड मिनिट कोणी वाजवत नाही.

या सगळ्यांत एका मालिकेवर मात्र आमचं एकमत होतं. तिचं नाव लांबलचक आहे, या प्रकारातल्या मालिकांची नावं म्हणजे अख्खं एक वाक्य असतं. आम्ही दोघं तिला नुसतं 'मनोरा' म्हणायचो.

एक खेळ आहे, त्यात एक उंच मनोरा आहे. अडकलेल्या माणसांना बाहेर पडायचं तर एकेक मजला चढत वर जायचं. प्रत्येक मजल्यावर वेगळं जग, कुठे समुद्र, कुठे बर्फ, कुठे बाजार. तलवारी घेतलेले शूर लोक पुढे निघून जातात. पण गोष्ट त्यांची नाही. गोष्ट आहे त्यांच्या मागून चालणाऱ्या एका दिवेवालीची. ती खेळणारी नाहीच, खेळातलंच एक पात्र आहे, येता-जाता कोणी तिच्याकडे बघतही नाही. हातात तेलाचा बुधला. मजला जिंकला गेला की तिथे जाऊन ती दिवा लावते, म्हणजे खालून येणाऱ्यांना वाट दिसावी. बस, एवढंच करते. पण तिने दिवा लावला नाही तर मागचे सगळे अंधारात. मला तर पहिल्याच भागात गहिवरून आलं. मी चष्मा पुसला. लेक म्हणाली, "बाटल्या भरायच्यात का?"

सत्ताविसाव्या मजल्यावर ते पर्व संपलं. पुढचं कधी येईल काही सांगता येईना, हे लोक दोन-दोन वर्षं गप्प बसतात. आम्ही ठरवलं की आलं की दोघांनी मिळूनच बघायचं. कोणी एकट्याने पुढे जायचं नाही.

ते यायच्या आत लेकीचं लग्न ठरलं.

मुलगा कल्याणचा. नोकरी घोडबंदर रोडच्या एका आयटी कंपनीत. पहिल्या भेटीत मी त्याला मुद्द्याचं विचारलं, अ‍ॅनिमे बघतोस का? तो म्हणाला, "लहानपणी कार्टून बघायचो, काका." मी घरी येऊन बायकोला म्हणालो, मला जरा शंका वाटते. ती म्हणाली, "मुलाला नोकरी आहे, व्यसन नाही, आई-वडील बोलायला चांगले. आणि तुम्हाला हे खुपतंय?" लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "त्याला मी शिकवेन. तुला शिकवलंच ना?"

व्याही शाळेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. बैठकीत त्यांनी एकच वाक्य सांगितलं. "नारळ आणि मुलगी. तिसरी वस्तू आमच्या घरात येणार नाही." विहीणबाईंनी आम्हाला त्यांची मागची खोली दाखवली. नवा रंग दिला होता, पडदे स्वतः शिवले होते. "दोघांना आता ही," असं म्हणताना त्या मुलाकडे बघत होत्या. त्याला रोज कल्याणहून घोडबंदरला जायला किती त्रास होतो, वाहतूक कशी तुंबते, हे कोणीतरी बोललं तेव्हा त्यांनी विषय बदलला. ते मला नंतर आठवलं.

आता रुखवत. हल्ली रुखवत भाड्याने मिळतं. पण माझ्या मेहुणीला ते चालणार नव्हतं. तिने लोकरीचे मोर, मोत्यांची तुळस, वाटाण्याचं कासव असं सगळं स्वतः करायला घेतलं. व्याह्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, रुखवत म्हणजे हौस, हौसेला ना नाही. मी म्हणालो, एक वस्तू माझी. बायकोने तेव्हाच बजावलं होतं, "हे बघा, रुखवतात मांडलेलं सगळं मुलीबरोबर सासरी जातं. घरात नको झालेलं काही मांडू नका." मी म्हणालो, ते जावं म्हणूनच तर करतोय.

मी मनोरा केला. खोक्यांच्या पुठ्ठ्याला मी आयुष्यभर हात लावत आलोय, कुठल्या बाजूने वाकतो आणि कुठल्या बाजूने भार घेतो ते मला कळतं. कारखान्यातले वाया गेलेले पुठ्ठे आणले. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काम चालायचं, त्यामुळे घरचे जमिनीवर जेवायचे. बाहेरून मसुरीच्या डाळीच्या विटा, साबुदाण्याचं बर्फ, समुद्राच्या मजल्यावर निळ्या रंगात बुडवलेला रवा. प्रत्येक खिडकीत मेणकागद आणि आतून दिव्यांची बारीक माळ. दिवे सत्ताविसाव्या मजल्यापर्यंतच. वरचे मजले अंधारात. उरलेली माळ मी वर छपराखाली गुंडाळून ठेवली.

मेहुणी प्रत्येक वस्तूपुढे दोन ओळींची चिठ्ठी लावत होती. कासवापुढे दीर्घायुष्य, मोरापुढे सौंदर्य. माझ्या मनोऱ्यापुढे तिने न विचारता लिहिलं:

*उंच उंच मनोरा, खिडक्यांतून दिवे,*
*बाबांनी लेकीला दिले घर नवे.*

मी वाचलं. मला आवडलं. रुखवताच्या चिठ्ठ्यांत खरं-खोटं कोण बघतं? 'चांदीच्या ताटात मोत्यांचे पाणी' असं लिहिलेलं असतं आणि समोर स्टीलची ताटली असते.

लग्नाच्या सकाळी वरपक्ष रुखवत बघायला आला. पुढे मुलाचे काका. ते त्यांच्या घरातले जाणते आणि उत्साही. त्यांनी मोर पाहिला, कासव पाहिलं, मनोऱ्यापुढे थांबले. घोडबंदर रोडला आता जे टॉवर उभे आहेत त्यांच्या विक्रीच्या कचेरीत काचेच्या पेटीत असंच प्रतिरूप ठेवलेलं असतं, खिडक्यांत दिवे लावलेलं. काका आदल्याच महिन्यात स्वतःसाठी दोन-तीन बघून आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, परत वाचली. मग माझा हात हातात घेतला.

"एवढं कोण करतं हो हल्ली?" ते म्हणाले.

तीन महिन्यांत माझ्या मनोऱ्याचं झालेलं हे पहिलं कौतुक. आपल्याकडे कौतुक झालं की माणसाने काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. मी तेच म्हणालो. "छे हो. फूल ना फुलाची पाकळी."

काका म्हणाले, "वा." आणि डोळे पुसत निघून गेले. मला वाटलं, कलेची जाण असलेला माणूस आहे.

अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि काकांनी गुरुजींच्या हातून माइक घेतला. वधूपित्याने मोठ्या मनाने नवदांपत्याला नवं घर दिलं आहे, मुलाच्या कचेरीजवळ, घोडबंदर रोडला, टॉवरमध्ये. ही घोडबंदरची आणि कचेरीची भर त्यांनी स्वतःच घातली, तर्काने. टाळ्या झाल्या. त्यांत मी होतो हे सांगून झालंय.

मला कळलं ते लेकीच्या तोंडून. मुंडावळ्या सांभाळत ती स्टेजच्या कडेला आली. "बाबा, काय केलंस तू?"

"मी? आइस्क्रीम वितळायला लागलंय, तेवढं बघत होतो."

"काका माइकवर काय म्हणाले ऐकलंस का?" तिने सांगितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत. त्यांना वाटतंय मी त्याला घेऊन वेगळी निघाले. मागची खोली रंगवली ती कशाला, असं कोणाला तरी म्हणाल्या."

मी स्टेजकडे पाहिलं. व्याही एका खुर्चीत ताठ बसले होते. ज्या माणसाने नारळाशिवाय काही घेणार नाही म्हणून सांगितलं, त्याला मी चारशे माणसांसमोर टॉवर दिला होता. लेक संध्याकाळी त्या घराचं माप ओलांडणार होती.

बायको, मेहुणी आणि मी खांबाआड जमलो. मेहुणी रडवेली झाली होती. "भावोजी, आत्ता गप्प बसा. दोन दिवसांनी शांतपणे सांगू."

बायको म्हणाली, "दोन दिवस ही तिथे काय तोंडाने वावरेल? आणि दोन दिवसांनी कळलं की घर नाही, तर आधी सुनेने मुलगा नेला, मग व्याह्यांनी फसवलं, दोन्ही तिच्याच माथी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचा मनोरा आहे. तुम्ही निस्तरा."

विहिणीची पंगत बसली होती. रांगोळी, समई, चांदीचं ताट. विहीणबाईंनी वरण-भात चिवडला होता. जिलबीला हात लावला नव्हता, आमच्याकडच्या बायका आग्रह करून थकल्या होत्या. मी रुखवताच्या टेबलावरून मनोरा उचलला आणि तसाच पंगतीत घेऊन आलो. माझ्या पोटापासून डोक्याच्या वरपर्यंत त्याची उंची, त्यामुळे मला पुढचं दिसत नव्हतं, आणि मागे वायर लोंबत होती. तिच्यावर पाय देत देत वाढपी माझ्यामागून येत होता.

"विहीणबाई," मी मनोऱ्याच्या बाजूने डोकं काढून म्हणालो, "फ्लॅट नाहीये."

त्यांनी वर पाहिलं. "नाहीये म्हणजे? विकलात?"

"नव्हताच कधी. हे एवढंच आहे."

काका शेजारच्या पानावरून उठले. "अहो पण चिठ्ठीवर घर लिहिलंय. आणि तुम्हीच म्हणालात, फूल ना फुलाची पाकळी."

"मला वाटलं तुम्ही कारागिरीचं कौतुक करताय."

"पुठ्ठ्याच्या?" काका म्हणाले. ते जरा लागलं.

पटवून द्यायला काहीतरी हवं होतं म्हणून मी मनोरा खाली ठेवला आणि छप्पर उचललं. छपराची आतली बाजू रंगवायची राहिली होती. तिथे खोक्यावर छापलेले दोन बाण आणि एक छत्री होती. व्याही तोवर उठून आले होते. त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं.

"ही छत्री कशाची?"

"ओलं होऊ देऊ नये, त्याची खूण. खोक्यावरची आहे."

त्यांचे खांदे हलले. मग आवाज फुटला. व्याह्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "अरे," ते भावाला म्हणाले, "घर ओलं होऊ देऊ नये म्हणे. तुझ्या टॉवरमध्ये लिहितात का असं?"

विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मनोऱ्याकडे बघत होत्या. "हे दिवे मध्येच का संपलेत? माळ कमी पडली?"

मग मी त्यांना दिवेवालीची गोष्ट सांगितली. पंगत ताटकळली होती, वाढपी मठ्ठा घेऊन उभा होता, आणि मी जपानी मालिकेतली एक बाई बुधला घेऊन मजले कशी चढते ते सांगत होतो. लेकीने आणि मी शनिवारी बसून सत्तावीस मजले पाहिले, हे सांगितलं. माळ कमी पडलेली नाही, वर गुंडाळून ठेवलीय, हेही सांगितलं आणि बोटाने दाखवली. "पुढचे मजले तिने तुमच्याकडे राहून बघायचे. बघून होतील तशी ती माळ सोडवत न्यायची. म्हणून दिला हा. दुसरं काही देण्यासारखं..." इथे मला पुढचं वाक्य सापडेना. बाटल्या भरायला तिथे जागा नव्हती.

विहीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती दारात उभी होती.

"आमच्याकडे राहून," त्या म्हणाल्या, जणू मी सांगितलेल्यातलं त्यांनी एवढंच ऐकलं. मग मनोऱ्याला खालून वरपर्यंत डोळ्यांनी मापलं. "मागच्या खोलीत दाराशेजारी फळी आहे, तिथे राहील. पण ही डाळ किडणार हो. तुम्ही पुरुषमाणसं डाळ चिकटवता आणि विसरता. आतून कडुनिंबाचा पाला घालून ठेवावा लागेल." आणि त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला.

राहता राहिले काका. त्यांना परत माइककडे जावं लागलं. त्यांनी ते चांगलं निभावलं. म्हणाले, मघाशी जाहीर केलेलं घर पुठ्ठ्याचं आहे याची सर्वांनी नोंद घ्यावी, आणि जेवल्याशिवाय कोणीही जाऊ नये. यालाही टाळ्या झाल्या. या वेळी मी वाजवल्या नाहीत.

लेक गेली. मनोराही गेला, मागच्या सीटवर, तिच्या आणि नवऱ्याच्या मध्ये. नंतरचे काही शनिवार मी जेवण झालं की उगाच पेपर वाचला. बायको पूर्वीसारखीच पाठ करून भाजी निवडायची. टीव्ही बंद असल्यामुळे पाठ कोणाकडे करायची ते मात्र तिला कळत नसावं, ती जागा बदलत होती.

आणि मग मनोऱ्याचं नवं पर्व आलं. शुक्रवारी आलं. मी लेकीला कळवलं, तिचं उत्तर आलं नाही. शनिवारी जेवलो, टीव्ही लावला, पहिला भाग समोर आणला आणि रिमोट हातात धरून बसलो. एकट्याने पुढे जायचं नाही असं ठरलं होतं. पण ठरवणारे दोघं एका घरात होते तेव्हाची ती गोष्ट.

तेवढ्यात तिचा फोन आला.

"बाबा, लावलं नाहीस ना?"

"हातात आहे रिमोट."

"लावू नकोस. आमचं इथे पहिल्यापासून सुरू झालंय. सासूबाईंना दिवेवाली बघायची होती. आज पाचवा मजला झाला. तो क्रिकेट सोडून बसत नाही, पण मामंजी बसतात. आणि तुला सांगू? त्या गाणं पुढे ढकलू देत नाहीत."

मागून विहीणबाईंचा आवाज आला. "त्यांना विचार, ती तेल कुठून आणते? बुधला कधी रिकामा होत नाही, ते कसं?" खरं तर हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता.

"विचार करून सांगतो म्हण," मी म्हणालो.

"आणि बाबा, सत्तावीस झाले की तू इकडे ये. पुढचे सगळ्यांनी मिळून. तोवर थांबशील ना?"

थांबतो म्हणालो. फोन ठेवला. अजून बावीस मजले म्हणजे बरेच शनिवार. मी टीव्ही बंद करायला रिमोट उचलला, तर बायको गवारीची परात घेऊन उठली आणि दिवाणावर लेकीच्या जागी येऊन बसली, टीव्हीकडे तोंड करून. एक शेंग मोडली, शीर ओढली, आणि म्हणाली, "पहिल्यापासून लावा. तिथे सगळे जमल्यावर विहीणबाई मला समजावून सांगणार असतील, तर ते मला चालायचं नाही."